तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

पुस्तकांतल्या विचित्र मुलांचं मोठं बरं असतं. त्यांच्या वाढदिवसाला कुणीतरी दाढीवाला येतो आणि सांगतो, बाळा, तुझ्या जन्माआधीच तुझ्याविषयी भाकीत झालेलं आहे. मग त्यांना किल्ला मिळतो, तलवार मिळते, काळे झगे घातलेले शत्रू मिळतात आणि शेवटी जग वाचवायला मिळतं. आम्हाला लोकरीचे मोजे मिळाले आणि संडास धुण्याच्या पाळ्या. जग वाचवायचं काम फिनलंडमधल्या आमच्या सावो प्रांतात कुणी कुणाला सांगत नाही, कारण सांगायचं म्हणजे आधी तोंड उघडावं लागतं.

आमची शाळा सरोवराच्या काठी होती. लाकडी, पिवळी आणि एका अंगाला कललेली. घरच्यांना ज्यांचं काय करावं ते कळलं नव्हतं, अशी आम्ही मुलं तिथे राहायचो. इल्मोला आनंद झाला की तो जमिनीपासून वीतभर वर उचलला जायचा. पण जन्म सावोतल्या घरातला, तिथे आनंदाचे प्रसंग मोजके, त्यामुळे चांगला मोठा होईपर्यंत ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. लेंपीने पाण्यात हात घातला की मासे धावत यायचे, पण यायचे ते फक्त काटेरी, चिखलाचा वास मारणारे. आमच्याकडे मांजरंसुद्धा ते उपकार केल्यासारखे खातात. आणि मी साइमी, वय सोळा. मला लोकांनी गिळलेलं ऐकू येतं.

विचार ऐकू येत नाहीत. ती चैन पुस्तकांतल्यांना. माणूस मनात एखादं वाक्य जुळवतो, ओठांपर्यंत आणतो आणि मग "जाऊ दे, कशाला" म्हणून परत गिळतो, ते गिळलेलं वाक्य मला लख्ख ऐकू येतं. इटली-बिटलीत जन्मले असते तर मला आपल्यात काही वेगळं आहे हे कळलंही नसतं. तिकडे लोक म्हणे काही गिळतच नाहीत. फिनलंडमध्ये मात्र, आणि त्यातही सावोत, मला कानांत बोळे घालून फिरावंसं वाटतं. बसमध्ये सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले असतात आणि मला आपलं एकसारखं ऐकू येतं, "माझ्या शेजारी बसू नको, माझ्या शेजारी बसू नको." चर्चमध्ये तर विचारूच नका. पाद्रीबुवांना बिचाऱ्यांना कल्पना नाही की त्यांच्या प्रवचनाच्या मध्यावर किती लोक त्यांना "आवरा" म्हणतात.

आई लवकर गेली. मामाकडे होते. मामाच्या पन्नाशीला घरभर पाहुणे जमले होते आणि मी, वय वर्षं आठ, त्यांच्या कुणीच न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत टेबलाभोवती फिरले. दुसऱ्या दिवशी मामाने मला शाळेच्या पायरीवर आणून सोडलं. निघताना तो काहीच बोलला नाही. काय गिळलं ते मला ऐकू आलं, पण ते इथे सांगणार नाही, कारण शाळेचा पहिला नियमच तो होता: गिळलेलं ज्याचं त्याचं.

"माणसाने मोठ्या कष्टाने पोटात ठेवलेलं असतं, साइमी," आमच्या मुख्याध्यापिका केर्त्तुबाई म्हणायच्या. "ते तू चारचौघांत बाहेर काढलंस तर ती चोरी. आणि तुझ्यासारखी चोरी करणाऱ्यांवर 'धोकादायक' म्हणून शिक्का बसतो. मग मी काही करू शकणार नाही."

या वसंतात दक्षिणेतल्या सरकारी कार्यालयाने शाळा बंद करायचं ठरवलं. कारण काय, तर छप्पर गळतं. छप्पर दुरुस्तही करता येतं ही कल्पना तिकडच्या हुशार मंडळींना सुचली नसावी. ज्या मुलांना कुणी घरी नेईल त्यांनी घरी जायचं, उरलेल्यांनी केंद्रात. हे केंद्र समुद्रकाठी आहे, पांढऱ्या भिंतींचं. तिथे मुलांच्या डोक्याला तारा लावून त्यांना अतिशय मायेने मोजतात. दारं आपोआप बंद होतात, असं त्यांच्या माहितीपत्रकात अभिमानाने छापलेलं होतं. उघडण्याबद्दल काही छापलेलं नव्हतं.

इल्मोचा बाप ट्रॅक्टर घेऊन आला, "चल" म्हणाला आणि घेऊन गेला. लेंपीची आत्या आली. रोज कुणीतरी येत होतं. माझ्यासाठी कोण येणार? मामा येणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो यावा असं मलाही वाटत नव्हतं. मला एकच घर हवं होतं.

ते घर सरोवरापलीकडचं, आउनेमावशी आणि टोइवोकाकांचं. माझे कुणी लागत नाहीत दोघं. शाळेला सुट्टी लागली की ज्यांना घर नाही त्यांना आसपासच्या शेतांवर पाठवायचे, तशी मी आले, आणि मग दर उन्हाळ्यात येत राहिले. गवत वाळवायचं, गाई आणायच्या, शनिवारी सौना, आमचं वाफेचं न्हाणीघर, तापवायचं. त्यांना मूलबाळ नाही. टोइवोकाका इतके कमी बोलतात की सावोतले लोकसुद्धा त्यांना अबोल म्हणतात. त्यांच्या घशात मला कधी काही ऐकू आलेलं नाही. जे बोलायचं नाही, ते काका मुळात जुळवतच नाहीत, असा सरळ मामला. आउनेमावशीचं मात्र उलट. ती दिवसभर बोलते: दुधाबद्दल, डासांबद्दल, शेजारणीच्या पडद्यांबद्दल. आणि या सगळ्याच्या मधे, पाव कापताना, सौनात तापल्या दगडांवर पाणी टाकताना, माझे केस विंचरताना, एक वाक्य गिळते.

"इथंच राहा ना गं."

पहिल्या उन्हाळ्यापासून ऐकतेय मी ते. तिने एकदाही म्हटलं नाही. मीही एकदाही म्हटलं नाही की मला ऐकू येतं. दोघींची अळीमिळी गुपचिळी.

आता यात आमच्या सावोतल्या रीतीचा भाग समजून घ्यायला हवा. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर आधी "नको" म्हणायचं. हे पहिलं नको म्हणजे निव्वळ नमस्कार. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणायचं, कारण समोरचा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, ते बघायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की मान वाकडी करून म्हणायचं, "अगदीच आग्रह असेल तर अर्धा कप." मग चार कप प्यायचे. पहिल्याच फटक्यात "हो" म्हणणारा माणूस आमच्याकडे एकतर उपाशी असतो किंवा दक्षिणेचा. हे मला आउनेमावशीनेच शिकवलं. पहिल्या दिवशी तिने दिलेला पाव मी लगेच उचलला, तर ती हसून म्हणाली होती, "अगं, हावरट! जरा नको म्हण. मला आग्रह करू दे ना."

केर्त्तुबाईंनी मला बोलावून सांगितलं, "कार्यालयाचा माणूस आउनेकडे येतोय. घरच्यांनी स्वतःच्या तोंडाने 'ही मुलगी आम्हाला हवी' असं म्हणायला पाहिजे, एवढीच अट आहे."

"आउनेमावशीने? तोंडाने?" मी म्हणाले. "बाई, घराला आग लागली तरी ती बंबवाल्यांना 'सवडीने या' म्हणेल."

"म्हणेल गं ती," बाई म्हणाल्या. आणि "देवा, म्हणू दे" हे गिळलं.

कार्यालयाचे साहेब मावशीकडे आले ते दुपारी, भर उन्हात; मी सकाळपासून तिथेच होते. नाव रास्मुस एकलुंड. गोरे, तरुण, इतके स्वच्छ की त्यांच्याकडे बघून आमच्या कुत्र्याला स्वतःची लाज वाटली असावी, कारण तो उठून गोठ्यामागे गेला. ते दारात बूट काढत म्हणाले, "मला नुसतं रास्मुस म्हणा."

"या ना साहेब, बसा साहेब," आउनेमावशी म्हणाली. तिने लग्नातला टेबलक्लॉथ काढला होता. टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव, आणि शिवाय सात प्रकारची बिस्किटं, कारण सहा ठेवली असती तर गावाने नावं ठेवली असती. टोइवोकाका खिडकीपाशी बसले होते. त्यांनी नवा सदरा घातला होता, घडीच्या रेघा न मोडता.

"कॉफी?" मावशीने विचारलं.

"नको, धन्यवाद. आत्ताच झाली."

मावशीने कप भरला. ते "अहो, खरंच नको" म्हणाले तेव्हा तिने त्यात साय घातली. साहेबांनी घोट घेतला आणि "डांबर" हा शब्द गिळला. मग त्यांनी पिशवीतून कागद काढले, गुडघ्यावर नीट जुळवले आणि सरळ मुद्द्यावर आले. या माणसाला कुणी सांगितलं होतं की सरळ बोललं की काम लवकर होतं. हे सांगणारा सावोत कधी आला नसणार.

"तर," ते म्हणाले, "साइमीला कायमची तुमच्याकडे ठेवून घ्यायची तुमची इच्छा आहे का?"

माझा जीव कानात आला. आउनेमावशीने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

"अहो, आमचं काय साहेब," ती म्हणाली. "आम्ही दोन म्हातारी माणसं. ही शिकलेली पोर. आमच्याकडे आहे काय? गाई आणि डास."

"म्हणजे, नाही?"

"तसं बघायला गेलं तर नाही म्हणता येईल. आणि तसं बघायला गेलं तर नाही असंही म्हणता यायचं नाही."

साहेबांनी टोइवोकाकांकडे बघितलं. "तुमचं काय मत?"

"हं," काका म्हणाले.

साहेबांनी कागदावर एक बारीकशी खूण केली. मावशीच्या घशात एकच कल्लोळ उठला: "परत विचार. अरे, परत विचार ना मेल्या! मी पहिल्यांदा नाही म्हटलं, पहिल्यांदा तर सगळेच म्हणतात!" पण तोंडाने ती म्हणाली, "पाव घ्या ना साहेब, कोरडा झालाय जरा." पाव सकाळचा ताजा होता. तो तिने तासभर मळलेला मी बघितला होता.

मग ते माझ्याकडे वळले. डोळे चांगले होते त्यांचे, हे कबूल करायला हवं. "साइमी, तुला इथे राहायला आवडेल का?"

आता तुम्ही म्हणाल, बये, हीच की वेळ! सगळं ऐकू येत होतं ना तुला? येत होतं. पण मी याच मातीतली आहे आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "माझं काय, मी कुठेही राहीन. यांना उगाच त्रास नको." कशी शहाण्यासारखी बोलले बघा. मान खाली घालून, बिस्किटाचा तुकडा मोडत. पहिलं नको, रीतीप्रमाणे. मावशीनेच शिकवलेलं.

आणि तेव्हा आउनेमावशीच्या घशातला तो कल्लोळ थांबला. तिने एकच वाक्य गिळलं, अगदी हळू: "तिलाच नकोय मग."

मी दचकून वर बघितलं. ती कॉफीची किटली पुसत होती. अगं, रीत आहे ती! तूच शिकवलीस ना मला! पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकोमागचं हवं ओळखणारी बाई, स्वतःच्या जिवावर बेतल्यावर सगळं विसरली आणि माझं नको खरं धरून बसली. मला तिचा असा राग आला की काय सांगू. आणि माझा त्याहून जास्त.

"ठीक आहे तर," साहेब म्हणाले. कागद पिशवीत गेले. "सोमवारी केंद्राची गाडी येईल. तिथे खूप छान सोयी आहेत."

"हो का," मावशी म्हणाली. "छानच की. सोयी पाहिजेतच."

ते उठले, दारापाशी गेले आणि बूट घालायला वाकले. आणि वाकल्या वाकल्या त्यांनीही काहीतरी गिळलं. "इथंच राहिली असती तर किती बरं झालं असतं पोरीला." शपथेवर सांगते. हेच साहेब, हेच सरळ बोलणारे! म्हणजे त्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो, चौघांपैकी तिघांना एकच गोष्ट हवी होती, तिघांनीही ती गिळली होती, आणि चौथे टोइवोकाका होते.

मी सगळं सांगून टाकू शकले असते. उभं राहायचं आणि म्हणायचं, साहेब, ही बाई कित्येक वर्षं मला राहा म्हणते आहे, आणि तुम्हीही आत्ता तेच म्हणालात. जिभेवर आलंही होतं. पण मग साहेबांनी पिशवीतून पुन्हा कागद काढले असते आणि 'धोकादायक' लिहिलं असतं. ते एक वेळ परवडलं. मला आउनेमावशीचं तोंड दिसत होतं. इतकी वर्षं तिने जे माझ्यासमोर एकदाही बाहेर पडू दिलं नाही, ते मी परक्या माणसासमोर टेबलावर ओतलं असतं, तर ती मेल्याहून मेली असती. ते तिचं होतं. तिने द्यायचं की नाही, तिने ठरवायचं.

मग माझं काय होतं? माझ्याकडेही एक वाक्य होतं की. तेही तितकंच जुनं. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उशिराच पडला, पण आमच्याकडे शेतातसुद्धा सगळं उशिराच उगवतं. मला सगळ्यांचं ऐकू येतं, म्हणून मला वाटत आलं होतं की सगळ्यांना माझंही ऐकू येत असणार. मावशीला कळतच असेल, न कळायला काय झालं! पण माझ्या घशातलं ऐकणारं त्या घरात कुणी नव्हतं. त्या घरातच काय, जगात कुणी नव्हतं.

"मला इथं राहायचंय."

तोंडात बिस्किट होतं. आवाज चिरका निघाला, आणि इतका मोठा की टोइवोकाकांनी खिडकीबाहेर बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. मी घास गिळला आणि पुन्हा म्हणाले, कारण एकदा अब्रू गेलीच आहे म्हटल्यावर वाचवायचं काय? "केंद्रात नको. मामाकडे नको. मला इथं, तुमच्याकडे राहायचंय. त्रास झाला तरी. मला तू हवी आहेस, मावशी."

सावोत असं कुणी बोलत नाही. लग्नातसुद्धा नाही. मला वाटलं आता जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. साहेब एका पायात बूट घालून तसेच वाकलेले. मावशी पाठमोरी. मी तिचा घसा ऐकायचा प्रयत्न केला आणि मला काहीच ऐकू आलं नाही. काहीच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला भीती वाटली, खरंच वाटली, की आपण मागायला गेलो आणि जे होतं तेही गमावून बसलो.

"मग मघाशी का नाही बोललीस, बावळट?" आउनेमावशी म्हणाली. "आता साहेबांना परत बूट काढावा लागणार."

साहेबांनी बूट काढला. मोजा बुटातच राहिला, तो त्यांनी खेचून काढला आणि हातात धरून उभे राहिले. "मी परत विचारतो," ते म्हणाले. "तुम्हाला ही मुलगी हवी आहे का?"

"अहो साहेब," मावशीने सुरू केलं, आणि सवय ती सवय, "आमच्यासारख्यांकडे तिला कसं काय..."

"विचारा अजून एकदा," टोइवोकाका म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते उठून उभे होते, नव्या सदऱ्यात, लाल झालेले.

"पण मी दोनदा विचारलं," साहेब म्हणाले.

"म्हणूनच," काका म्हणाले.

साहेबांना काही कळलं नसावं, पण माणूस चांगला होता हे मी आधीच कबूल केलंय. त्यांनी मोजा खाली ठेवला. कागद काढले नाहीत. आउनेमावशीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू, एखाद्याला घरी जेवायला बोलवावं तसं विचारलं, "तुम्हाला साइमी हवी आहे का?"

मावशी वळली. तिने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती.

"हवी आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हवी आहे. राहा गं इथं. राहा आमच्याकडे."

मी नीट कान देऊन ऐकलं. तिच्या घशात मागे काही राहिलं नव्हतं.